तारखेतून महिना काढण्याआधी सेलमध्ये तारीख आहे का ते बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमधून पावत्यांची सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) निघते. ती एक्सेलच्या मॅक्रोनं (एक्सेलमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमनं) उघडायची, प्रत्येक पावतीच्या तारखेतून दिवस, महिना आणि वर्ष वेगळं काढायचं आणि महिना, तिमाही, आर्थिक वर्ष अशा बेरजा लावायच्या. तुम्ही आधी मजकुरातली मधली अक्षरं उचलणारं मिड वापरून पाहिलं, मग तारखेचा महिना देणारं मन्थ. दोन्हीत ५ एप्रिलची पावती मे महिन्यात जाते, २० एप्रिलची मात्र बरोबर एप्रिलमध्ये बसते. आणि तीच फाईल डबल क्लिक करून उघडली तर सगळं ठीक दिसतं.

ही शेवटची माहिती तुम्ही जाता जाता दिली आहे, पण खरं उत्तर तिच्यातच आहे. मन्थ हे फंक्शन चुकत नाही. त्याच्या हातात पडते ती तारीखच मुळात ५ एप्रिल नसते, ४ मे असते. मॅक्रो लिहून देण्याच्या कामात तारखेच्या तक्रारी माझ्याकडे सतत येतात आणि बहुतेक वेळा 'महिना कसा काढू' या प्रश्नाच्या मागे 'सेलमध्ये नक्की काय आहे' हा प्रश्न असतो. म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावरच खर्च करतो. भाग काढणं त्यानंतर एकेका ओळीचं काम आहे.

(फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावं आणि आकडे मी इथे देवनागरीत लिहिले आहेत. एडिटरमध्ये ते अर्थातच इंग्रजीत लिहायचे.)

एक्सेलच्या दृष्टीनं तारीख म्हणजे एक संख्या. १ जानेवारी १९०० ला १ धरून पुढे दिवस मोजत जायचे. १ मे १९६० म्हणजे २२०३७, ५ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८७. वेळ असेल तर ती अपूर्णांकात: दुपारचे बारा म्हणजे ०.५. सेलमध्ये आपल्याला दिसतं ते ०५-०४-२०२४ हे त्या संख्येवर चढवलेलं फॉरमॅट असतं. आत ना तिरकी रेघ असते, ना 'चौथं अक्षर' असतं. त्यामुळे तारखेवर मिड, लेफ्ट, राइट चालवलं की व्हीबीए (मॅक्रो लिहायची भाषा) आधी त्या संख्येचा मजकूर करतं आणि तो करताना कॉम्प्युटरच्या रीजन सेटिंगमधला तारखेचा छोटा नमुना वापरतं. तुमच्या मशीनवर तो दोन अंकी दिवस, दोन अंकी महिना असा असेल तर मिड(ता, ४, २) महिना देईल (ता म्हणजे आपली तारीख; चौथ्या अक्षरापासून दोन अक्षरं). शेजारच्या टेबलावरच्या मशीनवर नमुना एक अंकी दिवसाचा असेल तर तोच मॅक्रो भलतंच काही देईल. खऱ्या तारखेवर अक्षरं मोजण्याची पद्धत मी कधीच वापरत नाही आणि तुम्हीही सोडून द्या.

आता तुमच्या फाईलचं काय होतं ते बघू. सीएसव्हीमध्ये तारखा मजकूर म्हणून असतात: ०५/०४/२०२४, २०/०४/२०२४. डबल क्लिक केल्यावर एक्सेल हा मजकूर कॉम्प्युटरच्या रीजन सेटिंगप्रमाणे वाचतं. सेटिंग भारताचं असेल तर आधी दिवस, मग महिना. पण वर्कबुक्स.ओपन वापरून मॅक्रोनं तीच फाईल उघडली की, वेगळं काही सांगितलं नसेल तर, अमेरिकन क्रम लागू होतो: आधी महिना, मग दिवस. मग ०५/०४ ची होते ४ मे, म्हणजे ४५४१६, आणि ती सेलमध्ये अगदी खरीखुरी तारीख म्हणून जाऊन बसते. २०/०४ मात्र अमेरिकन क्रमात बसतच नाही, कारण विसावा महिना नसतो. म्हणून ती नोंद तशीच, मजकूर म्हणून राहते. पुढे तुम्ही त्या मजकुरावर मन्थ चालवता तेव्हा व्हीबीए तो कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे वाचून ४ देतं. म्हणजे २० तारखेचं उत्तर बरोबर येतं ते वेगळ्याच वाटेनं.

हे पडताळायला एक मिनिट पुरे. मॅक्रोनं फाईल उघडा, तारखेचा कॉलम रुंद करा आणि अलाइनमेंट काढून टाका. ज्या नोंदी उजवीकडे चिकटतील त्या तारखा, डावीकडच्या तो मजकूर. महिन्याच्या १ ते १२ तारखा उजवीकडे आणि १३ पासून पुढच्या डावीकडे दिसल्या तर निदान पक्कं. मॅक्रोतून बघायचं तर व्हारटाइप(सेल.व्हॅल्यू) विचारा: ७ आलं तर तारीख, ८ आलं तर मजकूर, ५ आलं तर नुसती संख्या, ० आलं तर सेल रिकामा.

या चुकीचा घात असा की ती गुपचूप होते. वर्षातल्या १४४ तारखा (बारा महिन्यांतल्या पहिल्या बारा-बारा) उलट वाचता येण्याजोग्या असतात. त्यातल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा उलटल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या १३२ तारखा दरवर्षी चुकीच्या महिन्यात जातात. एरर येत नाही, एकूण बेरीजही जुळते. फक्त महिन्यांच्या बेरजा बिघडतात, आणि तिकडे ऑडिटच्या वेळीच कुणाचं तरी लक्ष जातं.

सगळ्यात छोटा उपाय एका शब्दाचा आहे. फाईल उघडण्याच्या ओळीत लोकल:=ट्रू जोडा:

वर्कबुक्स.ओपन फाईलनाव, लोकल:=ट्रू

यानं मॅक्रोही डबल क्लिकसारखाच कॉम्प्युटरच्या सेटिंगवर चालतो. हा उपाय तुम्हाला पुरेल का, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. मॅक्रो एकाच मशीनवर चालणार असेल आणि त्यावर भारताचं सेटिंग असेल तर पुरेल. पण शाखाशाखांतून चालणार असेल तर मी त्यावर विसंबणार नाही. नवीन लॅपटॉपवर विंडोज टाकताना अमेरिकेचं सेटिंग तसंच राहून गेलेली मशीन मला नेहमी दिसतात. तिथे डबल क्लिकनंही तारखा उलटतात. 'सगळ्यांनी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन सेटिंग बदला' हा सल्लाही मी देत नाही. मशीन बदललं, माणूस बदलला की तो सल्ला संपला.

म्हणून माझी पद्धत अशी: तारखेचा कॉलम एक्सेलला वाचूच द्यायचा नाही. तो मजकूर म्हणूनच आत घ्यायचा आणि तारीख आपण स्वतः बांधायची. वर्कबुक्स.ओपनटेक्स्ट वापरलं तर फील्डइन्फोमध्ये प्रत्येक कॉलमचा प्रकार सांगता येतो. तिथे तारखेच्या कॉलमला मजकूर म्हणा. यात एक खाच आहे, तिच्यात बरेच जण अडकतात. फाईलचं एक्स्टेन्शन सीएसव्ही असेल तर एक्सेल हे फील्डइन्फो मनावर घेत नाही. आधी फाईलची प्रत टीएक्सटी एक्स्टेन्शननं करायची आणि ती उघडायची. फाईल मोठी असेल आणि रोज तेच काम असेल तर पॉवर क्वेरीचाही (बाहेरची माहिती आत आणण्याच्या एक्सेलमधल्याच सोयीचा) विचार करा. तिथे कॉलमचा प्रकार बदलताना कोणत्या देशाच्या पद्धतीनं तारीख वाचायची ते नेमून देता येतं आणि ते फाईलबरोबर राहतं.

मजकूर हातात आला की तारीख बांधायला डेटसीरियल. याला वर्ष, महिना, दिवस हे तीन आकडे वेगवेगळे द्यायचे असतात, त्यामुळे क्रमाबद्दल कसलाच अंदाज बांधला जात नाही. मी वापरतो ते फंक्शन साधारण असं असतं:

फंक्शन पावतीतारीख(मजकूर ॲज स्ट्रिंग) ॲज व्हेरियंट
डिम म ॲज स्ट्रिंग, तु ॲज व्हेरियंट, ता ॲज डेट
म = ट्रिम(रिप्लेस(मजकूर, सीएचआरडब्ल्यू(१६०), " "))
म = रिप्लेस(रिप्लेस(म, "-", "/"), ".", "/")
पावतीतारीख = एम्प्टी
इफ म = "" देन एक्झिट फंक्शन
तु = स्प्लिट(स्प्लिट(म, " ")(०), "/")
इफ यूबाउंड(तु) <> २ देन एक्झिट फंक्शन
ता = डेटसीरियल(सीइंट(तु(२)), सीइंट(तु(१)), सीइंट(तु(०)))
इफ डे(ता) = सीइंट(तु(०)) अँड मन्थ(ता) = सीइंट(तु(१)) देन पावतीतारीख = ता
एंड फंक्शन

दोन ओळींबद्दल सांगतो. १६० क्रमांकाचं अक्षर म्हणजे वेबपेजवरून किंवा काही सॉफ्टवेअरमधून येणारी न तुटणारी मोकळी जागा. ती डोळ्यांना साध्या स्पेससारखीच दिसते, पण ट्रिम तिला हात लावत नाही. म्हणून तिला आधी साधी स्पेस करून घ्यायचं. आणि शेवटच्या इफमधली तपासणी गाळू नका. डेटसीरियल चुकीच्या आकड्यांवर एरर देत नाही, पुढे सरकतं. त्याला ३१ एप्रिल दिलं तर ते १ मे परत करतं, तेरावा महिना दिला तर पुढच्या वर्षाचा जानेवारी. हा गुण इतर ठिकाणी कामाचा आहे: दिवस ० दिला की आधीच्या महिन्याची शेवटची तारीख मिळते, फेब्रुवारी २८ चा की २९ चा हे बघावं लागत नाही. पण बाहेरून आलेल्या मजकुरात ३१/०४ असेल तर ती टायपिंगची चूक आहे आणि ती आपल्याला दिसायला हवी. म्हणून परत आलेल्या तारखेचा दिवस आणि महिना मूळ आकड्यांशी ताडून बघायचा. जमलं नाही तर फंक्शन रिकामं परत येईल. अशा ओळी वेगळ्या शीटवर काढून माणसाला दाखवा.

इथे मजकुराची तारीख करणारं सीडेट का वापरलं नाही, असं तुम्ही विचाराल. सीडेट कॉम्प्युटरच्या सेटिंगनं वाचतं, आणि त्या क्रमानं तारीख बसली नाही तर काही न सांगता दुसरा क्रम लावून बघतं. अमेरिकन सेटिंगवर ते ०५/०४ ला ४ मे म्हणेल आणि लगेच खालच्या २०/०४ ला २० एप्रिल. एकाच कॉलममध्ये दोन नियम. 'ही तारीख आहे का' ते सांगणारं इझडेट दोन्हींना होकार देतं, त्यामुळे तिथे तपासूनही काही हाती लागत नाही. मॅक्रोत दोन्ही बाजूंना हॅश लावून थेट लिहिलेल्या तारखाही नेहमी महिना आधी अशाच वाचल्या जातात, मशीन कुठलंही असो. तिथेही मी डेटसीरियल लिहितो. लिहायला थोडं लांब, पण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला शंका राहत नाही.

बांधलेली तारीख शीटवर परत लिहिताना ती तारीख म्हणूनच लिहा. तिचा फॉरमॅटनं मजकूर करून मग सेलला दिलात तर एक्सेल तो मजकूर पुन्हा अमेरिकन क्रमानं वाचेल आणि सगळी मेहनत वाया जाईल. आधी व्हॅल्यू द्यायची, मग नंबरफॉरमॅट लावायचं.

आता तुमचा मूळ प्रश्न. खरी तारीख हातात असली की इयर(ता), मन्थ(ता), डे(ता) हे तीन पुरेत. मात्र इयर, मन्थ, डे, डेट ही नावं स्वतःच्या व्हेरिएबलना देऊ नका. मन्थ नावाचं व्हेरिएबल केलं की त्याच मॅक्रोत मन्थ फंक्शन चालेनासं होतं आणि एरर येते ती ॲरेबद्दल, म्हणून कारण चटकन ध्यानात येत नाही.

डेटपार्ट एकाच फंक्शनमधून सगळे भाग देतं, पण त्याची अक्षरं जपून वापरायची. वर्षासाठी वाय चार वेळा. एकच वाय दिला तर वर्षातला कितवा दिवस ते मिळतं, म्हणजे १ मे २०२४ साठी १२२. महिन्यासाठी एम, पण मिनिटांसाठी एन. फॉरमॅट फंक्शनमध्ये मात्र तासांच्या लगेच नंतर आलेला एम मिनिटं देतो. आठवड्याच्या क्रमांकासाठी सोमवारपासून सुरुवात आणि 'पहिले चार दिवस' असे पर्याय दिले तर काही वर्षांच्या शेवटच्या सोमवारी डेटपार्ट चुकून ५३ देतं: २९ डिसेंबर २००३ हा सोमवार पहिल्या आठवड्यात मोडतो, तरी उत्तर ५३ येतं. एक्सेल २०१३ पासून त्यासाठी आयएसओवीकनम आहे, तेच घ्या. तुमच्या कामात आठवडे नाहीत, म्हणून यावर इथेच थांबतो.

महिना काढायला फॉरमॅट(ता, "एम") वापरणारे बरेच आहेत. दिसायला उत्तर तेच, पण तो मजकूर असतो. तुम्ही तो मजकुरातल्या "३" शी ताडून आर्थिक वर्ष ठरवायला गेलात तर ऑक्टोबरचा "१०" हा "३" पेक्षा लहान ठरतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. मग ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर मागच्या आर्थिक वर्षात जातात. हिशेबासाठी मन्थ, दाखवण्यासाठी फॉरमॅट, असं वेगळं ठेवा.

आर्थिक वर्षासाठी माझी आवडती रीत म्हणजे तारीख तीन महिने मागे सरकवायची आणि मग भाग काढायचे:

मागे = डेटॲड("एम", -३, ता)

आता इयर(मागे) म्हणजे आर्थिक वर्षाचं सुरुवातीचं वर्ष, डेटपार्ट("क्यू", मागे) म्हणजे आपली तिमाही, आणि मन्थ(मागे) म्हणजे एप्रिलला १ धरून महिन्याचा क्रम, जो रिपोर्टमध्ये एप्रिल ते मार्च अशी मांडणी करायला लागतोच. ३१ मार्च २०२४ मागे सरकून ३१ डिसेंबर २०२३ होते, म्हणून वर्ष २०२३-२४, चौथी तिमाही. ३१ मे तीन महिने मागे नेली तर फेब्रुवारीत ३१ तारीख नसते, पण डेटॲड तिला २९ किंवा २८ वर आणतं. महिना फेब्रुवारीच राहतो आणि तिमाही पहिलीच येते. इफ-एल्सच्या रांगेपेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण नियम एकाच आकड्यात राहतो. साखर कारखान्याचं काम आलं, जिथे साखर वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर असतं, तर त्या -३ च्या जागी -९ लिहायचं, बाकी मॅक्रो तसाच.

दोन सापळे पतसंस्थेच्या कामात हमखास येतात. पहिला रिकाम्या सेलचा. व्हीबीएमध्ये शून्य म्हणजे ३० डिसेंबर १८९९. त्यामुळे तारीख न भरलेल्या पावतीवर मन्थ चालवलं तर एरर येत नाही, १२ येतं, आणि ती रक्कम डिसेंबरच्या बेरजेत जाते. शीटवरच्या सूत्रात तोच रिकामा सेल महिना १ देतो, म्हणजे जानेवारी. मॅक्रो आणि सूत्र यांच्या डिसेंबर-जानेवारीच्या बेरजा जुळत नसतील तर आधी रिकाम्या तारखा शोधा. माझ्या मॅक्रोत व्हारटाइप ७ नसेल तर ती ओळ बेरजेत जातच नाही.

दुसरा सापळा वेळेचा. तुमचं सॉफ्टवेअर तारखेबरोबर वेळही देत असेल तर ३१ मार्च २०२४ संध्याकाळी ६:४० म्हणजे साधारण ४५३८२.७८. 'तारीख ३१ मार्चपर्यंत' अशी अट ४५३८२ शी तुलना करते आणि ती पावती बाहेर राहते. वर्षअखेरीच्या दिवशी भरणा सगळ्यात जास्त, आणि नेमका तोच गळतो. अट नेहमी '१ एप्रिलच्या आधी' अशी लिहा, म्हणजे ता < डेटसीरियल(२०२४, ४, १). किंवा आधी इंट(ता) करून वेळ उडवा. वर दिलेलं फंक्शन स्पेसच्या पुढचा मजकूर टाकूनच देतं, त्यामुळे ते वापरलंत तर ही अडचण येणार नाही.

रिपोर्टवर महिन्यांची नावं मराठीत हवी असतील तर ती मॅक्रोत लिहू नका. व्हीबीएचा एडिटर देवनागरी धरत नाही, पेस्ट केलेल्या 'जानेवारी'ची प्रश्नचिन्हं होतात. एका शीटवर बारा ओळींत नावं लिहून ठेवा आणि मॅक्रोनं सेल्स(मन्थ(ता), १) अशी तिथून उचलावीत. मन्थनेम फंक्शन कॉम्प्युटरच्या भाषेवर अवलंबून असतं, त्यामुळे सगळीकडे एकसारखं हवं असेल तिथे मी ते टाळतो.

राहिला प्रश्न आधीच तयार झालेल्या रिपोर्टचा. उलटलेल्या तारखा जागेवर सरळ करायचा मोह होईल: जो सेल खरी तारीख आहे त्याचा दिवस आणि महिना अदलाबदल करायचा. फाईल मॅक्रोनं उघडल्यावर कुणीही तिच्यात हातानं काही भरलं नसेल तरच हे चालेल. हातानं भरलेली एक जरी बरोबर तारीख मध्ये असेल तर ती आता उलटेल, आणि कुठली कोणती ते सेलकडे बघून सांगता येत नाही. म्हणून मूळ सीएसव्ही फाईल्स जपून ठेवल्या असतील तर त्या नव्या मॅक्रोनं पुन्हा वाचा. नसतील तर सॉफ्टवेअरमधून त्या कालावधीच्या पुन्हा काढा. मग जुना आणि नवा रिपोर्ट पावती क्रमांकावर जुळवा. फरक फक्त १ ते १२ तारखांच्या पावत्यांत दिसायला हवा. १३ किंवा त्यापुढच्या एखाद्या पावतीतही महिन्याचा फरक निघाला तर आणखी काहीतरी कारण आहे. तेव्हा त्या पावतीची ओळ नोटपॅडमध्ये दिसते तशीच, खातेदाराचं नाव काढून, इथे टाका. एक्सेलमधून कॉपी करू नका, कारण तिथे आपल्याला मूळ मजकूर दिसत नाही.